उजेड वर, खत खाली : अरबी समुद्र पिकतो कसा

समुद्रात उजेड वर असतो आणि खत खाली. समुद्राच्या सुपीकतेबद्दल जे काही समजून घ्यायचं, ते जवळपास सगळं या एका अडचणीतून निघतं. जमिनीवर ही अडचण नाही. झाडाची मुळं मातीत, पानं उन्हात, आणि मधलं अंतर खोड भरून काढतं. गळलेलं पान त्याच झाडाच्या बुडाशी कुजतं आणि पुढच्या पावसात त्याचं खत होतं. समुद्रात जे मरतं ते बुडतं. शेकडो मीटर, कधी किलोमीटरभर खाली जाता जाता ते कुजतं आणि त्यातून सुटलेली पोषकद्रव्यं तिथेच अंधारात पडून राहतात. वर ऊन आहे तर पाण्यात नायट्रेट नाही; खाली नायट्रेट भरपूर आहे, पण ऊन पोचत नाही.

या दोघांची गाठ घालून द्यायचं काम अरबी समुद्रात वारा करतो. वर्षातून दोनदा, आणि दोन्ही वेळा वेगळ्या पद्धतीनं. उष्ण कटिबंधातले बरेचसे खुले समुद्र निळेशार आणि नापीक असतात. अरबी समुद्र मात्र जगातल्या सर्वांत सुपीक समुद्रांत गणला जातो, तो या वाऱ्यांमुळे. आपल्या बाजारात येणारी तारली आणि बांगडा हे त्याच वाऱ्यांचं देणं आहे. मधल्या एक-दोन पायऱ्या काय त्या दिसत नाहीत.

त्यातली पहिली पायरी म्हणजे फायटोप्लँक्टन, मराठीतले वनस्पतीप्लवक. हे एखाद्या कुळाचं नाव नाही. पाण्याबरोबर वाहत जाणारे आणि उन्हावर स्वतःचं अन्न तयार करणारे जितके म्हणून सूक्ष्म जीव आहेत, त्या सगळ्यांची ही मोट आहे. काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारे डायटम त्यात आहेत, दोन शेपट्यांनी पोहणारे डायनोफ्लॅजेलेट आहेत, अंगावर चुन्याच्या चकत्या बाळगणारे कोकोलिथोफोर आहेत आणि चक्क जीवाणूही आहेत. या जीवाणूंपैकी प्रोक्लोरोकॉकस सर्वांत लहान. एका मिलिमीटरचे दीड हजारांहून जास्त तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे त्याची पेशी. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येनं तोच पहिला, आणि तरी १९८० च्या दशकापर्यंत तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतर जीवाणूंसारखाच दिसे. पेशी एकेक करून लेझरच्या झोतासमोरून नेणारं यंत्र जहाजावर आलं, तेव्हा त्याच्यातल्या हरितद्रव्याची मंद लाल चमक पकडली गेली. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली हा शोध प्रसिद्ध केला.

जगातल्या सगळ्या प्रकाशसंश्लेषी जीवांचं वजन केलं तर त्यात वनस्पतीप्लवकांचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. तरी दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जितका कार्बन सजीवांच्या शरीरात बांधला जातो, त्यातला जवळपास निम्मा, म्हणजे ४५ ते ५० अब्ज टन, हे बांधतात. हे जमतं कारण इथे काही साठूनच राहत नाही. सागाच्या खोडात गेलेला कार्बन शंभर वर्षं तिथे बसतो. प्लवकाची पेशी आज जन्मते, उद्या दुभंगते, परवा कुणाच्या तरी पोटात जाते. समुद्रातल्या वनस्पतीप्लवकांचा अख्खा साठा साधारण आठवड्याभरात बदललेला असतो. त्यामुळे समुद्र सुपीक आहे की नाही हे ठरवायला बादलीभर पाण्यात किती पेशी सापडल्या एवढं मोजून भागत नाही; रोज किती तयार झाल्या आणि किती खाल्ल्या गेल्या, हे बघावं लागतं.

इथे एका फॉरवर्डचा समाचार घ्यायला हवा. ‘आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो’ हे वाक्य पर्यावरण दिनाला हमखास फिरतं. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण निम्मा समुद्रात तयार होतो, इथपर्यंत ठीक आहे. पण तो जवळपास सगळा समुद्रातच खर्च होतो, कारण तयार झालेलं अन्न तिथेच खाल्लं जातं आणि तिथेच कुजतं. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची शिल्लक आहे. कुजण्याआधीच गाळात गाडल्या गेलेल्या थोड्याथोड्या कार्बनच्या बदल्यात ती साठली. प्लवक उद्या संपले तर आपण लगेच गुदमरणार नाही. उपाशी मात्र बरेच जण मरतील, आणि सुरुवात माशांपासून होईल.

एका पेशीला लागतं काय?

ऊन हवं. मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात ते काही मीटरांतच संपतं. खुल्या अरबी समुद्रात ५० ते १०० मीटरपर्यंत कामापुरतं पोचतं. कार्बनची समुद्रात ददात नाही, तो बायकार्बोनेटच्या रूपात मुबलक विरघळलेला आहे. अडतं ते नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. डायटमला कवचासाठी सिलिका लागते. आणि सगळ्यांना लोह लागतं, अगदी चिमूटभर, पण त्याशिवाय प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा चालत नाही आणि नायट्रेट पचवताही येत नाही.

आल्फ्रेड रेडफिल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३४ पासून एक मजेशीर गोष्ट दाखवून दिली. समुद्रातले प्लवक गोळा करून त्यांचं पृथक्करण केलं की सरासरीनं एकच प्रमाण येतं : फॉस्फरसचा १ अणू असेल तर नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६. खोल पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट आणि फॉस्फेटचं प्रमाणही जवळपास तेच, १६ ला १. याचा उलगडा पुढे असा झाला, की वर जे बांधलं जातं तेच खाली जाऊन सुटं होतं, म्हणून जमा आणि खर्चाचे आकडे जुळतात. हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढे अरबी समुद्रातून गायब झालेला नायट्रोजन आपल्याला याच हिशेबानं पकडायचा आहे.

सगळं मनासारखं मिळालं तर बऱ्याच जातींच्या पेशी दिवसाला एकदा दुभंगतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत दहा दिवसांत हजारावर. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं, कारण पहिल्या दिवसापासून खाणारे हजर असतात. सूक्ष्म एकपेशीय भक्षक, कोपेपॉड (झिंग्याच्या गटातले अगदी बारीक प्राणी), जवळा, लहान माशांची पिल्लं, आणि शिवाय विषाणू. विषाणू पेशी फोडतात आणि आतला माल पाण्यात सांडतो. तो जीवाणू खातात, जीवाणूंना त्यांच्याहून थोडे मोठे एकपेशीय खातात, आणि त्यांच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो. तो दुसरी एखादी प्लवक पेशी तासाभरात उचलते. नायट्रोजनचा एकच अणू उजेडाच्या थरात असा पुन्हापुन्हा वापरला जातो. फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली या सूक्ष्मजीवी फेऱ्याचं चित्र स्पष्टपणे मांडलं. त्याआधी समुद्राची अन्नसाखळी म्हणजे डायटम, मग कोपेपॉड, मग मासा अशी सरळ तीन पायऱ्यांची समजली जायची.

तरी हा फेरा गळका आहे. दर फेऱ्यात थोडा नायट्रोजन मेलेल्या पेशींच्या गुठळ्यांतून आणि कोपेपॉडच्या विष्ठेच्या कणांतून खाली जातोच. खालून भरपाई झाली नाही तर वरचा थर हळूहळू ओस पडतो. भरपाई व्हायला काय आड येतं ते आंघोळीच्या बादलीत बघता येतं. गार पाण्यावर अलगद कढत पाणी ओतलं आणि ढवळलं नाही, तर हात घालताना वर चटका बसतो आणि कोपरापर्यंत गेलात की गार लागतं. गरम पाणी हलकं असतं, ते वरच बसतं. समुद्रात सूर्य वरून तापवतो, त्यामुळे हा थर आपोआप तयार होतो आणि खालच्या जड, थंड, खताच्या पाण्यावर झाकणासारखा बसतो. ढवळायला ताकद लागते. ती पावसाळ्यात एका प्रकारे येते, हिवाळ्यात दुसऱ्या.

पावसाळ्यातलं ढवळणं

मे संपत आला की दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून वळतो आणि अरबी समुद्रावरून झोतासारखा वाहू लागतो. हवामानशास्त्रात याला फिंडलेटर झोत किंवा सोमाली झोत म्हणतात. कोकणात पाऊस पाडणारा वारा हाच. जाता जाता तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, आणि तिथे खरी गंमत होते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्यानं ढकललेलं वरचं पाणी एकंदरीत वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं. ओमानच्या किनाऱ्यावर वाऱ्याच्या डावीकडे जमीन आहे आणि उजवीकडे खुला समुद्र. म्हणजे वरचं तापलेलं पाणी किनारा सोडून निघून जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. ऐन जुलैत सोमालियाच्या काही भागांत समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान २० अंशांच्या खाली उतरतं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ हे विचित्रच आहे. त्या थंड पाण्यासोबत नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका सगळं वर येतं आणि डायटमचा हंगाम सुरू होतो. डायटम अंगानं मोठे, वाढीला चपळ आणि सिलिका मिळाली तर इतरांना मागे टाकणारे. ऑगस्टमधल्या उपग्रहाच्या चित्रात ओमानचा किनारा आणि त्यापुढचा मोठा पट्टा हिरवा दिसतो.

आपल्या बाजूलाही हे होतं, पण सौम्य. केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर अपवेलिंग ठळक असतं, गोव्यापर्यंत ते जाणवतं आणि कोकणात उत्तरेकडे जाताना विरत जातं. केरळ-कर्नाटकात तारलीचं पीक याच डायटमवर उभं आहे. हा मासा मधल्या कोपेपॉडसाठी थांबून राहत नाही, गाळणीसारख्या कल्ल्यांतून थेट डायटमही गाळून खातो. साखळीतली एक पायरी गळाली की प्रत्येक पायरीला वाया जाणारं अन्न वाचतं, म्हणून तारली येते तेव्हा ढिगानं येते. पावसाळ्याच्या सुमारास ती अंडी घालते आणि पिल्लांना डायटमचा हंगाम आयताच मिळतो. महाराष्ट्रात जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात. तोवर पाण्याखाली हे सगळं होऊन गेलेलं असतं.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे. ती पुढे महाग पडते, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस नद्यांतून काही दिवसांत समुद्रात येतो. गोडं पाणी हलकं. ते खालून वर येऊ पाहणाऱ्या थंड पाण्यावर काही मीटर जाडीचा थर बनून पसरतं. खतवालं पाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ येऊन अडकतं.

हिवाळ्यातलं ढवळणं

नोव्हेंबरपासून वारा उलटा फिरतो. ईशान्येकडून, जमिनीवरून आलेला कोरडा आणि गार वारा उत्तर अरबी समुद्रावरून वाहतो. तो कोरडा असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं. बाष्पीभवनानं पाणी थंडही होतं आणि खारटही. दोन्हींमुळे जड होतं आणि बुडतं. खालचं वर येतं, तेही थंड होऊन बुडतं. असं करत जानेवारी-फेब्रुवारीत वरचा सुमारे १०० मीटरचा थर नीट घुसळला जातो आणि नायट्रेट उजेडात येतं. इथे कुणी किनाऱ्यापासून पाणी ढकलत नाही, समुद्र स्वतःच्या वजनानं उलथतो. पावसाळ्यातला फुलोरा, म्हणजे प्लवकांची अशी एकदम होणारी वाढ, सगळ्यांना माहीत होता. हिवाळ्यातला का होतो हे कोडं होतं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘नेचर’मध्ये ही यंत्रणा दाखवली. १९९० च्या दशकात बऱ्याच देशांची जहाजं अरबी समुद्राचा अभ्यास करत होती, त्या मोहिमांतल्या आपल्या बाजूच्या कामाचं हे फळ.

याची किंमत कळायला बंगालच्या उपसागराकडे बघावं. अक्षांश तेच, मोसमी पाऊस तोच, नद्या उलट जास्त. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती एवढं गोडं पाणी ओततात की उपसागराच्या डोक्यावर हलक्या पाण्याचं जाड झाकण कायम असतं. तिथला वारा ते उलथू शकत नाही, आणि हिवाळ्यात थंड झालं तरी ते बुडण्याइतकं जड होत नाही. म्हणून उपसागर अरबी समुद्राच्या मानानं कितीतरी कमी पिकतो. नद्या समुद्राला खत देतात ही समजूत पूर्ण खोटी नाही, पण इथे नद्यांनी जितकं दिलं त्याहून जास्त अडवलं.

मार्च ते मे हा अरबी समुद्राचा भाकड काळ. वारा पडलेला, ऊन कडक, वरचा थर पातळ आणि तापलेला, नायट्रेट जवळजवळ शून्य. मोठे डायटम जवळपास नाहीसे होतात आणि प्रोक्लोरोकॉकससारख्या बारक्यांचं राज्य सुरू होतं. पेशी जितकी लहान तितका तिच्या पोटाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे पाण्यातला अगदी तुटपुंजा नायट्रोजनही ती शोषू शकते. याच दिवसांत गोवा-कोकणच्या समुद्रावर कधी कधी लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. तो ट्रायकोडेस्मियम, तंतूंच्या जुड्या करून राहणारा जीवाणू. पाण्यात नायट्रेट नाही याची त्याला पर्वा नसते, कारण तो विरघळलेला नायट्रोजन वायूच थेट वापरतो. असं करणारे जीव समुद्रात थोडेच आहेत, आणि त्यासाठी त्यांना लोह भरपूर लागतं.

मधुप्रताप यांच्याच गटानं याच समुद्रातलं दुसरं एक कोडं समोर ठेवलं. वनस्पतीप्लवकांचं उत्पादन ऋतूंनुसार इतकं वरखाली होतं, तर त्यांना खाणाऱ्या प्राणीप्लवकांचं प्रमाणही तसंच व्हायला हवं. पण वरच्या थरात ते वर्षभर जवळपास सारखंच सापडतं. भाकड काळात ते जगतात कशावर? उत्तर त्या सूक्ष्मजीवी फेऱ्यात आहे. सुगीच्या काळात सांडलेलं, विरघळलेलं अन्न पाण्यात उरतं, त्यावर जीवाणू वाढतात, त्यांच्यावर एकपेशीय भक्षक आणि त्यांच्यावर कोपेपॉड. सुगीची शिल्लक अशी उन्हाळ्यापर्यंत पुरते.

जे खाली गेलं त्याचं पुढे काय?

वरच्या थरात तयार झालेल्यातला थोडा भाग खाली सुटतो, आणि त्यातलाही बहुतेक वाटेतच कुजतो. तळाच्या गाळापर्यंत एक टक्क्याच्या आसपासच पोचतं. कुजायला ऑक्सिजन लागतो. बहुतेक महासागरांत ध्रुवांकडे बुडालेलं थंड, ऑक्सिजननं भरलेलं पाणी ही गरज भागवतं. अरबी समुद्राला उत्तरेकडे वाटच नाही. साधारण २५ अंश अक्षांशावर जमीन आडवी येते. खालचं पाणी लांबून दक्षिणेकडून येतं आणि येईपर्यंत त्यातला ऑक्सिजन बराचसा संपलेला असतो. त्यावर इथला भरघोस फुलोरा कुजत पडतो. परिणामी साधारण १५० मीटरपासून हजारेक मीटर खोलीपर्यंत एक पट्टा असा आहे, जिथे ऑक्सिजन नसल्यासारखाच आहे.

ऑक्सिजन संपला म्हणून जीवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायूच्या रूपात सुटतो. वायू झालेला नायट्रोजन बहुतेक प्लवकांच्या काही कामाचा नाही. म्हणजे खोलात जमा झालेलं खत तिथल्या तिथे नष्ट होतं. या प्रक्रियेला डीनायट्रिफिकेशन म्हणतात. खुल्या समुद्रात ती मोठ्या प्रमाणावर चालते अशा जगात तीनच जागा आहेत : पूर्व प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या उत्तरेला एक, दक्षिणेला एक, आणि आपला अरबी समुद्र. आता रेडफिल्डचा हिशेब काढा. पाण्यातलं फॉस्फेट मोजा, त्याला १६ नं गुणा, आणि तेवढं नायट्रेट आहे का बघा. अरबी समुद्राच्या मधल्या थरात ते कमी भरतं. जेवढं कमी, साधारण तेवढं जीवाणूंनी उडवलं. कुठल्याही चोरीचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळत असेल.

या वाटेवर मध्येच नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट तापवणारा वायू. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तो किती होतो हे दोना पावलाच्या त्याच संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडलं, तेव्हा खळबळ उडाली होती. इथे मघाची गोड्या पाण्याच्या झाकणाची भानगड आठवा. पावसाळ्यात वर आलेलं पाणी मुळातच कमी ऑक्सिजनचं, त्याच्यावर झाकण, आणि वरून कुजायला प्लवक. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्याजवळच्या तळाशी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट संपतं, आणि शेवटी सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ लागतो. संस्थेचे लोक कांदोळीसमोरच्या ठरावीक जागी १९९७ पासून नियमित जाऊन हे मोजत आले आहेत. यात निसर्गाचा भाग किती आणि शेतातून वाहून आलेल्या खताचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. नक्वींच्या गटानं माणसाकडे बोट दाखवलं होतं.

लोहाचा नाद

लोहाबद्दल थोडक्यात. जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या शेवटी मांडलं की दक्षिण महासागरासारख्या ठिकाणी नायट्रेट असूनही प्लवक वाढत नाहीत, कारण तिथे लोह नाही. ‘मला अर्धं टँकर लोह द्या, मी हिमयुग आणून दाखवतो,’ असं तो गमतीत म्हणाला होता. म्हणजे लोह टाकलं की प्लवक वाढतील, हवेतला कार्बन खोल समुद्रात नेतील आणि पृथ्वी गार होईल. ती गंमत बऱ्याच जणांनी फारच मनावर घेतली. अरबी समुद्रावर वाळवंटातली धूळ उडून येते, त्यामुळे इथे लोहाची चणचण नसावी असं मानलं जायचं. पण पावसाळ्याच्या शेवटी ओमानपासून दूरवर नायट्रेट शिल्लक राहतं आणि प्लवक मात्र अपेक्षेइतके नसतात. २०१० साली नक्वी आणि सहकाऱ्यांनी तिथेही लोहच कमी पडत असावं असं सुचवलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००९ च्या सुरुवातीला, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजातून दक्षिण महासागरात लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला होता. ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सल्फेट सोडलं. प्लवक वाढले. पण त्या पाण्यात सिलिका संपलेली होती, म्हणून डायटम उगवलेच नाहीत. जे बारके प्लवक वाढले ते कोपेपॉडनी खाल्ले, कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉड या कवचधारी प्राण्यांनी खाल्लं, आणि कार्बन खोल जायचा तो फारसा गेलाच नाही. समुद्रात लोह टाकून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांनी हा निकाल शांतपणे वाचायला हवा. एक कमतरता भरली की दुसरी पुढे येते.

हिरवा पाहुणा

गेली काही वर्षं नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर, कधी मुंबईच्या जुहूलाही, रात्री लाटा निळ्या चमकतात आणि फोटो फिरतात. त्यामागे बहुतेक वेळा नॉक्टिल्युका असतो. हा डायनोफ्लॅजेलेट, पण डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसेल इतका मोठा. हलवलं की चमकतो. अरबी समुद्रात आढळणाऱ्या त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात हजारो बारके शैवाल राहतात. ते उन्हावर अन्न तयार करतात, आणि शिवाय तो स्वतः डायटमही खातो. शेती आणि शिकार दोन्ही. २००० नंतर उत्तर अरबी समुद्रातल्या हिवाळी फुलोऱ्यात डायटमच्या जागी हा वरचेवर दिसू लागला. कोपेपॉडना तो खायला फार मोठा पडतो. त्याला खातात ते साल्प आणि जेलीफिशच्या जातीचे पारदर्शक प्राणी, आणि त्यांना खाणारे मासे थोडे. फुलोरा तेवढाच, पण बाजारात येणारं त्यातून कमी.

हे का झालं यावर वाद आहे. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडलं की खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर पसरतंय आणि अशा पाण्यात नॉक्टिल्युका इतरांपेक्षा जोमानं वाढतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती पुरवणाऱ्या सरकारी केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली त्यावर आक्षेप घेतला : हिवाळ्यात उजेडाच्या थरात ऑक्सिजन कमी असल्याचं नोंदींत दिसतच नाही.

तापमानाबद्दलही एकमत व्हायला वेळ लागला. गोएस यांच्या गटानं २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं होतं की १९९७ पासूनच्या सातेक वर्षांत पश्चिम अरबी समुद्रात पावसाळी प्लवक साडेतीनशे टक्क्यांहून अधिक वाढले. हिमालयाकडचं बर्फ कमी झालं, जमीन जास्त तापली, त्यामुळे मोसमी वारा जोरात, असा तर्क होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी २०१६ मध्ये उलट निष्कर्षावर आले. त्यांच्या मते साठ वर्षांत पश्चिम हिंदी महासागरातले प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले, कारण वरचं पाणी झपाट्यानं तापलं आणि खालचं खत वर येणं अवघड झालं. सात वर्षांच्या नोंदीवरून दिशा सांगणं धाडसाचंच होतं, असं आता म्हणता येतं. पण तेव्हा चांगल्या उपग्रह-नोंदी तेवढ्याच होत्या.

उपग्रहांची मर्यादा आजही आहेच. इस्रोच्या ओशनसॅट मालिकेतले उपग्रह १९९९ पासून समुद्राचा रंग बघून हरितद्रव्य मोजतात, आणि इन्कॉइस त्यावरून मच्छीमारांना मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. पण फुलोरा सर्वांत मोठा असतो त्याच महिन्यांत वर ढग असतात. शिवाय उपग्रहाला वरचे काही मीटरच दिसतात. म्हणून आता समुद्रात स्वयंचलित नळकांडी सोडलेली आहेत. ती दर पाच-दहा दिवसांनी खोलात बुडी मारून वर येतात आणि तापमान, क्षार, ऑक्सिजन, हरितद्रव्य यांचे आकडे उपग्रहाकडे पाठवतात. इन्कॉइसचा २०१७ चा आक्षेप अशाच नोंदींवर उभा होता. आर्गो प्रकल्पाचे हे आकडे इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. उत्तर अरबी समुद्रातलं एखादं नळकांडं निवडून त्याचा जानेवारीचा आणि एप्रिलचा तापमानाचा आलेख शेजारी ठेवला, तर एकात रेषा शंभरेक मीटरपर्यंत सरळ खाली जाते आणि दुसऱ्यात वीस-तीस मीटरवरच वाकते.